पाळणा का हलत नाही? घटता जन्मदर आणि आपण टाळत असलेले प्रश्न

रानजाई

दक्षिण कोरियाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात तो आकडा, २०२३ साली ०.७२ वर आला. लोकसंख्या आहे तेवढी टिकवायची तर हा आकडा २.१ च्या आसपास लागतो. ०.७२ म्हणजे काय, याचा साधा हिशेब मांडला तरी धडकी भरते. आजच्या शंभर माणसांमागे ३६ मुलं आणि त्या ३६ जणांमागे १३ नातवंडं. दोन पिढ्यांत शंभराचे तेरा. आणि १९६० च्या सुमारास याच देशात एका बाईला सरासरी सहा मुलं होत होती, सरकार कुटुंबनियोजनाचा प्रचार घरोघरी पोचवत होतं.

कोरिया टोकाचं उदाहरण आहे, पण एकटं नाही. जपानमध्ये २०२४ साली सुमारे ६ लाख ८६ हजार बाळं जन्मली. मोजणी सुरू झाल्यापासून हा आकडा सात लाखांच्या खाली कधी गेला नव्हता. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटायला लागली, तीही एक मूल धोरण मागे घेतल्यावर. इटलीत वर्षाला चार लाख जन्मही होत नाहीत. भारताचा दर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २.० नोंदला गेला; १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत तो ३.४ होता.

हा विषय निघाला की चर्चा दोनच वळणांनी जाते. एक, 'बरं झालं, गर्दी कमी होईल.' दोन, 'मुली शिकल्या, कमवायला लागल्या, आता त्यांना मुलं नकोत.' दुसऱ्या वाक्याचा मला मनापासून राग येतो. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२५ च्या अहवालासाठी १४ देशांत १४,००० हून जास्त लोकांना विचारलं. पन्नाशीच्या आतल्यांपैकी जवळपास पाचात एकाला वाटतं की आपल्याला हवी तितकी मुलं होणार नाहीत. आणि ज्यांना मुलं आहेत किंवा हवी आहेत, त्यांच्यातल्या ३९ टक्के लोकांनी पैशाची अडचण सांगितली. म्हणजे इच्छा मेली आहे असं नाही. इच्छा आणि पाळणा यांच्यामध्ये घरभाडं, नोकरीची अनिश्चिती, न मिळणारा जोडीदार, न मिळणारी झोप असं बरंच काही उभं आहे.

माझं म्हणणं असं की जन्मदर किती असावा हे ठरवण्याआधी लोकांना हवी असलेली मुलं का होत नाहीत हे विचारलं पाहिजे. आणि ज्यांना मूल नकोच आहे त्यांच्याकडे बोट दाखवणं आधी थांबवलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

आकडेमोड

चांगला धागा. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असलेली बरी, कारण पुढे त्यावरूनच गोंधळ होतो. दर २.१ खाली गेला की लोकसंख्या लगेच घटत नाही. आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली अजून आई व्हायच्या असतात. जपानचा दर १९७४ पासून सलग २.१ च्या खाली आहे, पण लोकसंख्येचा कळस आला २००८ साली. मधली चौतीस वर्षं सगळं ठीक चाललंय असंच दिसत होतं. भारताचंही तसंच होणार. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढतच राहील. त्यामुळे रस्त्यावरची गर्दी बघून 'कुठे घटतंय?' असं विचारणाऱ्याला ती उतरण दिसतच नाही.

खरा प्रश्न वेगाचा आहे. ६५ वर्षांवरच्या लोकांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षं लागली. जपानने तेच अंतर २४ वर्षांत कापलं, कोरियाने १८ वर्षांत. फ्रान्सला पेन्शन, दवाखाने, घरं सगळं हळूहळू उभारायला चार-पाच पिढ्या मिळाल्या. कोरियाला एकही पूर्ण पिढी मिळाली नाही. एकाच माणसाच्या नोकरीच्या काळात देश तरुणाचा म्हातारा झाला.

जपानमध्ये १९५० साली एका ज्येष्ठ माणसामागे कामाच्या वयाचे बारा लोक होते. आता दोन आहेत. पेन्शनची बहुतेक सरकारी व्यवस्था 'आजचे कमावते आजच्या निवृत्तांचे पैसे भरतात' यावर चालते. बारांनी मिळून भरणं आणि दोघांनी मिळून भरणं यात काय फरक आहे ते सांगायला नको.

पिंपळपान

रानजाई, तळमळ समजते, पण मला दुसरी बाजूही मांडायची आहे. पृथ्वीवर आठ अब्जांहून जास्त माणसं आहेत. पाणी, जंगलं, हवा सगळ्यावर ताण आहे. अशा वेळी माणसांनी आपण होऊन कमी मुलं जन्माला घातली तर तो शहाणपणा का मानू नये? अर्थव्यवस्थेला कामगार आणि गिऱ्हाईक हवेत म्हणून बाळं जन्माला घाला, हे मला तरी पटत नाही. माणूस म्हणजे पेन्शन फंडाचा हप्ता नव्हे.

रानजाई

पिंपळपान, तुमचं शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे.

पण पर्यावरणाचा मुद्दा जरा वेगळा पाहू. उत्सर्जन आत्ता, येत्या वीस-तीस वर्षांत कमी करायचं आहे. जन्मदराचा परिणाम एकूण डोक्यांवर दिसायला त्याहून जास्त काळ जातो. आकडेमोड यांनी जपानचं उदाहरण दिलंच आहे. शिवाय दर सर्वांत जास्त कुठे? नायजरसारख्या देशांत, जिथे माणशी उत्सर्जन नगण्य आहे. जिथे माणशी उत्सर्जन भरपूर, तिथे दर कधीच खाली आलाय. त्यामुळे न जन्मलेल्या बाळांच्या भरवशावर हवामान सुधारेल असं समजणं म्हणजे आपला उपभोग तसाच ठेवायला सबब शोधणं आहे.

संथपणे घटणारी लोकसंख्या हे संकट आहे असं मीही मानत नाही. दर १.८ च्या आसपास असेल तर समाजाला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. ०.७ किंवा १.१ वर तो मिळत नाही.

उंबरठा

आकड्यांच्या पलीकडे हे घरात कसं दिसतं ते सांगते. मी एकुलती एक. नवराही एकुलता एक. दोन्हीकडचे मिळून चार ज्येष्ठ, वयं सत्तरीच्या पुढे. गेल्या वर्षी आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा भरतीच्या फॉर्मवर 'पर्यायी नातेवाईक, फोन नंबर' असा रकाना होता. पहिल्या रकान्यात माझा नंबर लिहिला आणि दुसऱ्यापाशी पेन थांबलं. नवरा त्याच वेळी त्याच्या वडिलांना घेऊन दुसऱ्या दवाखान्यात होता. शेवटी शेजारणीचा नंबर लिहिला, तिला न विचारता.

आम्हाला एक मुलगा आहे. दुसऱ्याचा विचार आम्ही तीन-चार वर्षं करत होतो आणि दर वेळी कोणीतरी आजारी असायचं. लोक म्हणतात पाळणाघरं वाढवा, आणि ती वाढवायलाच हवीत. पण माझी रात्रीची झोप बाळाने नाही, चार जणांच्या औषधांच्या वेळांनी मोडते. एका पिढीने कमी मुलं जन्माला घातली की पुढच्या पिढीवर सांभाळण्याचा भार वाढतो आणि त्या भारामुळे ती आणखी कमी मुलं जन्माला घालते. हे चक्र फारसं कोणी बोलून दाखवत नाही.

आकडेमोड

उंबरठाताई, तुम्ही जे सांगितलंत त्याच्या जवळ जाणारी मांडणी लोकसंख्याशास्त्रात आहे. वोल्फगांग लुट्झ आणि सहकाऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वी 'कमी प्रजननाचा सापळा' अशी कल्पना मांडली. दर बराच काळ खाली राहिला की आई होऊ शकणाऱ्या बायकाच कमी उरतात, लहान कुटुंब हेच नेहमीचं वाटायला लागतं आणि तरुणांच्या अपेक्षा व मिळकत यांतलं अंतर वाढत जातं. तिन्ही मिळून दर आणखी खाली ओढतात. सगळ्यांना ही मांडणी मान्य नाही, पण पूर्व आशियाकडे पाहिलं की ती सहज बाजूला सारता येत नाही. ज्येष्ठांच्या शुश्रूषेचा मुद्दा मात्र तुमच्या प्रतिसादात जास्त ठळक आलाय.

तिसरी_घंटा

सरकारने काय करू नये याबद्दल लिहायचं होतं, कारण 'देशासाठी मुलं जन्माला घाला' ही भाषा आता पुन्हा ऐकू येते आहे.

रोमानिया, ऑक्टोबर १९६६. हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने हुकूम क्रमांक ७७० काढला. गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी; ४५ च्या वरच्या किंवा आधीच चार मुलं असलेल्या बायकांना आणि मोजक्या वैद्यकीय कारणांना तेवढी सूट. गर्भनिरोधकं बाजारातून गायब झाली. १९६६ साली सुमारे २ लाख ७४ हजार जन्म झाले होते, १९६७ साली ५ लाख २८ हजार. सत्तेतल्या माणसाला वाटलं असेल, जमलं!

जमलं काहीच नव्हतं. दोन-चार वर्षांत बायकांनी चोरवाटा शोधल्या आणि दर पुन्हा उतरायला लागला. मग कारखान्यांत स्त्रीरोग तपासण्या, मूल नसलेल्यांवर कर, डॉक्टरांवर पाळत. असुरक्षित गर्भपातांत सुमारे दहा हजार बायका गेल्या असं मानलं जातं. १९८९ पर्यंत रोमानियाचा मातामृत्यूदर युरोपात सर्वांत जास्त होता. राजवट कोसळली तेव्हा अनाथालयांत एक लाखाहून जास्त मुलं होती. एका खाटेवर दोन-तीन मुलं, कोणी उचलून न घेतल्यामुळे बसल्या जागी पुढे-मागे डोलत राहणारी. ती चित्रं १९९० साली जगभर दाखवली गेली. हुकूम डिसेंबर १९८९ मध्ये रद्द झाला आणि पुढच्या एका वर्षात मातामृत्यू निम्म्यावर आले.

उलट दिशेची जबरदस्तीही आठवा. १९७६-७७ या एका वर्षात भारतात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. चीनमध्ये साडेतीन दशकं एक मूल धोरण राबवलं गेलं. २०१६ पासून दोन, २०२१ पासून तीन मुलांची मुभा दिली, पण २०१६ मधली तात्पुरती वाढ सोडली तर जन्म घटत गेले. दार इतकी वर्षं बाहेरून बंद ठेवलं की आतली माणसं घराची मांडणीच बदलून टाकतात. 'होऊ देऊ नका' म्हणणारं सरकार आणि 'होऊ द्या' म्हणणारं सरकार, दोन्हींची बाईकडे बघायची नजर एकच असते.

मध्यान्ह

तिसरी_घंटा, +१. विशेषतः शेवटच्या वाक्याला.

दूरदेशी

मी बरीच वर्षं जर्मनीत आहे, दोन्ही मुलं इथलीच. सक्ती न करता काय होऊ शकतं याचं हे एक मधलं उदाहरण आहे, म्हणून लिहितो.

२००७ साली इथे पालकभत्ता आला. बाळ झाल्यावर रजा घेणाऱ्याला आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण दोन तृतीयांश रक्कम मिळते, आणि दोन महिने असे की दुसऱ्या पालकाने घेतले तरच मिळतात. २०१३ च्या ऑगस्टपासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळणं हा कायदेशीर हक्क झाला. दर १.३-१.४ च्या आसपास रेंगाळत होता, तो २०१६ पर्यंत १.६ च्या जवळ गेला. त्यात स्थलांतरितांचाही वाटा होता हे मान्य करायला हवं. पण आता? २०२३ साली पुन्हा १.३५. कायदा आहे, पण पाळणाघरात शिक्षिकाच पुरेशा नाहीत. आमच्या धाकट्याच्या वेळी सकाळी सातला फोनवर संदेश यायचा, 'आज मनुष्यबळ नाही, शक्य असेल त्यांनी मुलांना घरी ठेवावं.' मग आम्ही दोघं दात घासता घासता कोणाची मीटिंग जास्त महत्त्वाची यावर बोलायचो. हक्क कागदावर असतो, पण सांभाळायला माणसंच लागतात. आणि तीच कमी होत चालली आहेत.

यावर उत्तर म्हणून स्थलांतराचं नाव घेतलं जातं. माझ्यासारखे लोक इथे आहेत ते त्यामुळेच. पण इथल्या वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या परिचारिकांशी बोललं की दुसरी बाजू कळते. ज्या देशांतून त्या येतात तिथलेही दर उतरताहेत. फिलिपिन्सचा २०२२ च्या सर्वेक्षणात १.९ होता. इथल्या आजींना भरवणाऱ्या मुलीची स्वतःची आई तिकडे एकटी असते. एका देशाची उणीव दुसऱ्या देशाच्या उण्यातून भरायची, हे किती काळ चालेल?

पिंपळपान

दूरदेशी, दात घासतानाचं बोलणं वाचून एक विचारावंसं वाटलं. तुमच्याकडे दोघं बोलता तरी. बऱ्याच घरांत 'मीटिंग कोणाची' हा प्रश्न उठतच नाही, उत्तर आधीच ठरलेलं असतं. याचा आणि जन्मदराचा संबंध कोणी तपासलाय का?

आकडेमोड

तपासलाय. अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी यावर लिहिलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या देशांत अर्थव्यवस्था फार झपाट्याने बदलली तिथे मुलींचं शिक्षण आणि काम एका पिढीत पुढे गेलं, पण घरातली कामाची वाटणी जुनीच राहिली. जपान, कोरिया, इटली, स्पेन या गटातले. या गटात बायका पुरुषांपेक्षा घरकामावर कितीतरी जास्त तास घालवतात आणि दरही तिथे फार खाली आहेत. जिथे बदल सावकाश झाला तिथे पुरुषांना बदलायला वेळ मिळाला.

याला लग्नाची जोड द्या. जपान-कोरियात लग्नाबाहेरचे जन्म अगदी थोडे. जपानमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास. फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त. म्हणजे जपानी मुलगी लग्नाला 'नको' म्हणते तेव्हा ती बहुतेक वेळा मुलालाही 'नको' म्हणत असते. २०२० च्या जनगणनेत पन्नाशीपर्यंत कधीच लग्न न केलेले जपानी पुरुष सुमारे २८ टक्के होते, बायका सुमारे १८ टक्के. पैसे वाटून हे बदलत नाही.

पण सावधगिरीची एक ओळ. फिनलंडमध्ये बापाला रजा आहे, पाळणाघरं आहेत, समानता बरीच आहे. तरीही दर २०१० मध्ये १.८७ होता तो २०२३ मध्ये १.२६ झाला. का, यावर एकमत नाही. त्यामुळे 'एवढं करा की दर वाढेल' असं खात्रीने सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. हंगेरीने चार मुलांच्या आईला आयुष्यभर आयकर माफ केला, घरासाठी कर्जं दिली. दर १.२ वरून १.६ पर्यंत चढला आणि २०२४ पर्यंत पुन्हा १.४ च्या खाली आला. काही अंशी लोकांनी पुढे होणारी मुलं आधी केली, एवढंच.

सावली_उन्हाची

मी या संकेतस्थळावर फक्त वाचते, पण आज लिहिते. आम्ही चाळिशीजवळ आलो आहोत. पहिल्या नोकरीत कायम होईपर्यंत थांबलो, मग घरापर्यंत थांबलो, मग मला बढती मिळाली आणि वरिष्ठ म्हणाले, 'आता निदान दोन वर्षं तरी...' पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. करायची गरज नव्हती.

आता उपचार चालू आहेत. पोटावर सुई कुठे टोचायची ते ठरलेलं असतं, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, म्हणजे एकच जागा काळीनिळी होत नाही. ऑफिसच्या स्वच्छतागृहात उभी राहून टोचून घेते, कारण वेळ चुकवून चालत नाही. लोकांना वाटतं विज्ञान आहे, उशीर झाला तरी चालेल. वयाबरोबर स्त्रीबीजं कमी होतात आणि त्यांची प्रतही उतरते. आयव्हीएफ तो काळ मागे फिरवू शकत नाही. हे मला पंचविशीत कोणी नीट सांगितलं नाही. गर्भ राहू कसा द्यायचा नाही एवढंच शिकवलं.

मला कोणी 'करिअरच्या मागे लागलेली' म्हटलं की फार लागतं. मला दोन मुलं हवी होती. अजूनही हवी आहेत.

रानजाई

सावली_उन्हाची, लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुम्हाला हवं ते लवकर मिळो. हा धागा काढताना माझ्या मनात तुमच्यासारखीच माणसं होती. प्रजननाचं शिक्षण म्हणजे फक्त गर्भ टाळायचं शिक्षण नव्हे, हे तुम्ही म्हणालात ते शाळा-कॉलेजांत पोचायला हवं. कोणावर दडपण न आणता, फक्त माहिती म्हणून.

वरची चर्चा वाचून माझं मत थोडं जास्त टोकदार झालंय. दर वाढवणं हे उद्दिष्ट ठेवलं की सरकार एकतर रोमानियाच्या वाटेने घसरतं किंवा हंगेरीसारखं पैसे ओतून काही वर्षांची उसळी विकत घेतं. पाळणाघर, बापाची रजा, वेळेवर सुटणारं ऑफिस, परवडणारं घर, वंध्यत्वावरचे उपचार, आणि उंबरठाने सांगितलेली ज्येष्ठांची शुश्रूषा, हे सगळं दर एका दशांशाने वाढला नाही तरी द्यायला हवं, कारण जी मुलं आणि म्हातारी माणसं आज आहेत त्यांचा तो हक्क आहे. जपानमध्ये बापाची रजा घेणारे २०१२ साली दोन टक्केही नव्हते, २०२४ साली ४० टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी तिथला प्रजनन दर १.१५ होता. दर वाढला नाही म्हणून ती रजा वाया गेली असं मी म्हणणार नाही. त्या घरांतल्या बायका एकट्या पडल्या नाहीत.

आणि दुसरं काम त्याच्या जोडीनेच करायला हवं: कमी मुलं असलेल्या समाजात जगण्याची तयारी. साठीनंतर ज्यांना काम करायचंय त्यांना ते करता येणं, शाळांच्या रिकाम्या इमारतींचं काय करायचं ते आधी ठरवणं, एकट्या ज्येष्ठांसाठी माणसं प्रशिक्षित करणं आणि त्या कामाला नीट पगार देणं.

उंबरठा

रानजाई, 'नीट पगार' वर एक प्रश्न. जे घरातच सांभाळतात त्यांचं काय? माझी नोकरी दोन वर्षं सुटली होती. त्या दोन वर्षांची पेन्शन माझ्या खात्यात शून्य आहे.

दूरदेशी

उंबरठाताई, इथे याची तरतूद आहे. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे संगोपन करणाऱ्या पालकाच्या पेन्शन खात्यात तीन वर्षांचं योगदान सरकार जमा करतं, सरासरी पगार धरून. घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यासाठीही शुश्रूषा विमा ठरावीक अटींवर पेन्शनचा हप्ता भरतो. पूर्ण भरपाई होत नाही, पण ती वर्षं हिशेबात धरली जातात. माझ्या बायकोचा वार्षिक उतारा येतो त्यात त्या वर्षांची वेगळी नोंद असते.

उंबरठा

हे मला माहीत नव्हतं. शुश्रूषा विम्याच्या अटी काय आहेत, किती तास सांभाळावं लागतं, कोण तपासतं, ते सवडीने लिहाल का? हवं तर वेगळा धागा काढा. इथे निदान सगळ्यांना कळेल तरी की अशी व्यवस्था कुठेतरी चालू आहे.

दूरदेशी

या शनिवार-रविवारी लिहितो. आठवड्याला किमान दहा तास आणि किमान दोन दिवस सांभाळ, आणि रुग्णाची शुश्रूषा-श्रेणी (तो किती परावलंबी आहे ते सांगणारी पायरी) दोन किंवा त्याहून वरची, ही मुख्य अट. श्रेणी कशी ठरते ते जरा सविस्तर सांगावं लागेल.